संघ तोच, गट नवा: पेण-रोह्याची कबड्डी आणि स्पर्धांची फेरमांडणी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची चर्चा पेण-रोह्यात कशाला? तिकडचं फुटबॉल म्हणजे डोक्यावर शिरस्त्राण, लांबुळका चेंडू, लाखभर प्रेक्षकांची मैदानं. आपल्याकडे दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या भातशेतीत चुन्याच्या रेघा मारून रात्रीच्या प्रकाशझोतात सामने होतात. संबंध खेळाचा नाहीच. संबंध एका साध्या प्रश्नाचा आहे: आपला संघ कुणाशी खेळणार हे कोण ठरवतं? आणि ठरवणाऱ्यानं मांडणी बदलली, की ज्या संघाकडे पैसा कमी आणि पोरंही कमी, त्याचं काय होतं?

आधी तिकडची गोष्ट उरकून घेऊ, कारण तिच्यात सगळं ठळक दिसतं. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ गटागटांनी खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. हे गट मुळात शेजाऱ्यांचे होते. पश्चिम किनाऱ्यावरचा गट १९१५ साली सुरू झाला आणि पुढे ‘पॅक-१२’ या नावानं ओळखला जाऊ लागला. बारा विद्यापीठं, सगळी पश्चिमेकडची. मग टीव्हीच्या हक्कांचा पैसा वाढला. ‘बिग टेन’ या गटानं २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सुमारे ७ अब्ज डॉलरचे करार केले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या विद्यापीठांनी जुना गट सोडायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षभरात बाकीच्यांची पळापळ झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बारापैकी दहा संघ तीन वेगवेगळ्या गटांत निघून गेले. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आता ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात खेळतं. यात विनोद आहे, पण ज्यांना चार हजार किलोमीटरवर सामन्याला जावं लागतं त्या पोरांना तो विनोद वाटत नसावा.

आपल्याला त्या दहांशी देणंघेणं नाही. मागे राहिलेल्या दोघांशी आहे. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांत: कोर्व्हालिस आणि पुलमन. त्यांचे संघ वाईट नव्हते. त्यांच्या गावात टीव्हीचे ग्राहक कमी होते, एवढंच. त्यांना कोर्टात जाऊन गटाच्या कारभारावरचा हक्क मिळवावा लागला. हक्क मिळाला, पण खेळायला समोर कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या गटातल्या संघांशी सामने ठरवून त्यांनी मोसम भरून काढले.

आपल्या जवळ यायचं तर गोवा आहे. २०१६ साली देशाच्या फुटबॉलची नवी रचना मांडली गेली. इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्याखाली. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं आणि पाठोपाठ धेंपोनंही. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला क्लब! मैदानावर हरून तो बाहेर गेला नाही, रचनेमुळे गेला. २०२४ मध्ये खालच्या पायरीवरून तो पुन्हा आय-लीगमध्ये चढला, म्हणजे मधली आठ वर्षं गेली. खेळाडूच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे जवळजवळ सगळंच.

आता रायगड. इथली कबड्डी तीन पायांवर उभी राहिली असं आम्ही मानतो. पहिला पाय गावातलं मंडळ. पेणचा वाशी-वढावचा खारेपाट घ्या, नाहीतर रोह्याकडचं धाटाव, कोलाड, नागोठणे घ्या. ग्रामदैवताच्या नावाचा संघ असतो, जत्रेला स्पर्धा असते, पहिलं बक्षीस गावातल्याच कुणीतरी दिलेलं असतं. दुसरा पाय शाळा-कॉलेज. तिसरा पाय मुंबईचा. गिरण्या, बंदर, रेल्वे, बँका. चांगला चढाईपटू असेल तर त्याला कंपनी उचलायची, तो मुंबईत नोकरीला लागायचा, शनिवारी-रविवारी गावच्या मंडळासाठी खेळायला यायचा. नोकरी हेच या खेळाचं बक्षीस होतं. ढाल घरच्या कपाटात राहायची, नोकरीवर घर चालायचं.

हे तिन्ही पाय एकमेकांना धरून होते, म्हणून एक हलला की बाकीचे हलतात. आणि गेल्या चाळीस वर्षांत तिसरा पाय बराच झिजला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यातून गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. पुढे बँका आणि सार्वजनिक कंपन्यांनी भार उचलला. मग तिथेही फेरमांडणी आली, आणि ती कबड्डीचा विचार करून आलेली नव्हती. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. देना बँकेचा महिला संघ व्यावसायिक गटात नावाजलेला होता. बँकच उरली नाही तर बँकेचा संघ कुठला उरणार? एअर इंडियाचा पुरुष संघ असाच दबदब्याचा, ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये खासगी झाली. दिल्लीत ताळेबंद जुळवताना वढावच्या पोराची नोकरीची वाट बंद होतेय हे कुणाच्या टिपणात असायचं कारण नव्हतं. दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. फेरमांडणी खेळाच्या बाहेरूनही येते, ते लक्षात यावं म्हणून सांगतो.

मग २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ होते. २०१७ मध्ये बारा झाले. या लीगबद्दल नाक मुरडायची आपल्याकडे फॅशन आहे आणि आम्हाला ती पटत नाही. या लीगमुळे कबड्डीपटूला बाजारात किंमत आली. २०१८ च्या लिलावात एका चढाईपटूवर दीड कोटीच्या वर बोली लागली, २०२३ मध्ये दुसऱ्यावर अडीच कोटीच्या वर. घरोघरी ‘डू ऑर डाय’ आणि ‘सुपर टॅकल’ हे शब्द लहान पोरांच्या तोंडी आले. हे कमी नाही.

पण लीग म्हणजे माथा आहे, पायऱ्या नव्हेत. बारा संघ आणि देशभरातून आलेली दोन-तीनशे माणसं. गावातलं मंडळ आणि हा माथा यांच्यामध्ये जी पायरी लागते ती कंपनीचा संघ आणि विद्यापीठाचा संघ. नेमकी तीच पायरी ढिली झाली. मुलींचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. २०१६ मध्ये तीन संघांची एक महिला लीग झाली, पुढे ती चालू राहिली नाही. म्हणजे रोह्याच्या मुलीला माथाच नाही. तिला कॉलेज, जिल्हा, राज्य आणि नशीब असेल तर रेल्वे किंवा पोलीस, एवढाच रस्ता.

इथे पेणकरांसाठी एक गंमत सांगायला हवी. लीगमधल्या हरियाणा स्टीलर्स संघाची मालकी जेएसडब्ल्यू समूहाकडे आहे. त्याच समूहाचा पोलाद कारखाना पेण तालुक्यात डोलवीला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात अंतिम सामना जिंकून स्टीलर्स विजेते झाले. पोलाद पेणचं, संघ हरियाणाचा! यात कुणी फसवलं नाही. लीगचे संघ बाजारपेठेप्रमाणे वाटले जातात, कारखान्याच्या पत्त्याप्रमाणे नाही. आणि आपल्या नावाचा म्हणावा तो यू मुंबा, त्याचे सामने तरी मुंबईत कुठे होतात? २०२४ चा मोसम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. शेजारपणाची किंमत माथ्यावरही कमी झाली आहे.

आता कॉलेजकडे येऊ, आजचा मुख्य भाग हाच. पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय काय, रोह्याचं डॉ. चिंतामणराव देशमुख महाविद्यालय काय, ही मुंबई विद्यापीठाची कॉलेजं. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा. त्यामुळे स्पर्धा एका दमात घेता येत नाहीत. विभाग पाडले जातात, आधी विभागीय फेरी, मग आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थानची विद्यापीठं असतात.

कॉलेजचा संघ विद्यापीठाच्या नकाशावर कुठल्या रेघेच्या आत पडतो, त्यावर त्याचा खर्च ठरतो. साधा हिशेब करू. कबड्डीत मैदानात सात, राखीव पाच, म्हणजे बारा खेळाडू. एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक. चौदा माणसं. रोह्याहून पेणला जायचं तर एक गाडी, सकाळी निघायचं, डबे घरचे, संध्याकाळी परत. रोह्याहून रत्नागिरीला जायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुक्काम आला. माणशी दिवसाला ३०० रुपये जेवण-चहाचे धरले तरी दोन दिवसांचे ८,४०० रुपये. गाडी वेगळी, खोल्या वेगळ्या. सावंतवाडी आली तर अंतर साडेतीनशेच्या पुढे. कॉलेजच्या क्रीडा निधीतून क्रिकेट, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स सगळंच भागवायचं असतं. मग क्रीडा संचालक काय करणार? ज्या खेळात संघ जिंकण्याची आशा नाही तो खेळ वगळणार. संघ बंद झाल्याची नोटीस लागत नाही. एका वर्षी नाव पाठवलं जात नाही, दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही.

आणि खर्चाहून मोठी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही: सामने किती मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. सोळा संघ आले तर एकूण पंधरा सामने होतात, आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. दुबळ्या संघाची अख्ख्या वर्षाची अधिकृत कबड्डी म्हणजे चाळीस मिनिटं. त्यासाठी दोन दिवस आणि पंधरा-वीस हजार रुपये! उलट चार शेजारी कॉलेजांची साखळी लावा. सहा सामने होतात, प्रत्येकाला तीन मिळतात, हरणाऱ्यालासुद्धा. कोपरा सांभाळणाऱ्या पोराला समोरच्याचा डावा पाय ओळखायला तीन सामने तरी लागतातच. अमेरिकेतले जुने गट हेच करायचे, शेजाऱ्यांची साखळी. दरवर्षी तेच प्रतिस्पर्धी, म्हणून चुरस, म्हणून प्रेक्षक. आपल्या जत्रेच्या कबड्डीलाही गर्दी का होते? समोरचं गाव ओळखीचं असतं, गेल्या वर्षीचा हिशेब बाकी असतो. कॉलेजच्या सामन्याला मात्र पन्नास टाळकी जमत नाहीत.

विद्यापीठाचा नकाशाही स्थिर नाही, बरं का. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं, आपल्याच जिल्ह्यात. २०१४ च्या कायद्यानं त्याला राज्यभरातली तंत्रशिक्षणाची कॉलेजं संलग्न करून घ्यायचा अधिकार मिळाला. एखादं अभियांत्रिकी कॉलेज मुंबईकडून लोणेऱ्याकडे गेलं, की त्याचे खेळाडू शेजारच्या वाणिज्य कॉलेजशी अधिकृतपणे खेळू शकत नाहीत. मैदान तेच, रिक्षा तीच, पण विद्यापीठ वेगळं. त्यांचा सामना आता राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या अभियांत्रिकी कॉलेजशी. वेगळ्या कोकण विद्यापीठाची मागणीही जुनी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं त्यात भलं असेल, रायगडचं काय, हा प्रश्न खेळाच्या अंगानं कुणी मांडलेला आम्ही वाचला नाही.

इथे पेण आणि रोहा वेगळे होतात. पेण मुंबई महानगर प्रदेशात आहे. पेण, पनवेल, उरण मिळून १२४ गावांवर नवं शहर वसवण्यासाठी २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. पेणचं तोंड मुंबईकडे. रोहा त्या प्रदेशाच्या बाहेर. रेल्वेनं तर ही रेघ रुळावरच काढून ठेवली आहे: मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. उद्या विद्यापीठाची किंवा संघटनेची रेघ काढायची वेळ आली तर ती पेण आणि रोह्याच्या मधून जाण्याची शक्यता कमी नाही. पेणला मुंबई-ठाण्याच्या तगड्या कॉलेजांसमोर पहिल्या फेरीत उभं राहावं लागेल, रोह्याला दूरचे प्रवास. दोघांनाही सोयीचा शेजारी तेवढा तुटेल.

रोह्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. नकाशावरची रेघ माणसाला कुठपर्यंत नेते ते रोहेकरांना वेगळं सांगायला नको. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. हे जरा विषयांतर झालं.

जिल्हा संघटनेच्या पातळीवरही हालचाल आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धा जिल्ह्यांच्या संघांमध्ये होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा ठाण्याचा एक भाग वेगळा निघाला. अलीकडच्या निकालांत मुंबई शहर पूर्व-पश्चिम, ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण, पुणे शहर आणि पुणे ग्रामीण अशी नावं दिसतात. जिथे एक संघ होता तिथे दोन झाले, म्हणजे बारा जागांच्या चोवीस जागा. शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे राज्य पातळीवरची जागा म्हणजे नुसता मान नाही. पनवेलची महानगरपालिका २०१६ पासून आहे. ‘पनवेल’ आणि ‘रायगड ग्रामीण’ असे दोन संघ झाले, तर पेण-रोह्याच्या पोरांना संधी वाढेल हे खरं. पण जिल्ह्याचा एकत्र संघ जितका ताकदवान, तितके हे दोन राहतील का? आमचं मत विचाराल तर, कमजोर बाजूनं विभागणीला लगेच विरोध करू नये. विद्यापीठाच्या रेघेनं सामने कमी होतात, या रेघेनं जागा वाढतात. दोन्ही रेघाच, परिणाम उलटे.

वर राष्ट्रीय महासंघाचा कारभार २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द ठरवून प्रशासकाकडे सोपवला, तो गुंता २०२५ पर्यंत चालला. त्याच्या तपशिलात आज जात नाही. एवढंच, की वर भांडण चालू असताना खाली दुरुस्ती करायला कुणाला वेळ नसतो.

थोडे प्रश्न घेऊ.

प्रश्न: बंद पडलेला संघ पुन्हा उभा राहिल्याचं उदाहरण आहे का?

आहे. अमेरिकेतच, अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमच्या विद्यापीठानं डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाचं कारण देऊन फुटबॉल बंद केलं. गावानं गलका केला, पैसे उभे केले, सहा महिन्यांत निर्णय फिरला. मात्र प्रत्यक्ष मैदानात उतरायला २०१७ उजाडलं, कारण खेळाडू निघून गेले होते. बंद करायला एक बैठक लागते, उभं करायला तीन वर्षं.

प्रश्न: रोह्याच्या कॉलेजनं आत्ता काय करावं? विद्यापीठ आपलं ऐकणार नाही.

विद्यापीठाची परवानगी लागते ती अधिकृत स्पर्धेला. निमंत्रितांची साखळी लावायला कुणी अडवत नाही. पेण, रोहा, अलिबाग, माणगाव, चार कॉलेजं. महिन्याला एक शनिवार, दर वेळी वेगळ्या गावी, मुलं आणि मुली दोन्ही. लोणेऱ्याच्या विद्यापीठाचं कॉलेजही त्यात खेळू शकतं. पंच जिल्हा संघटनेकडून मागून घ्यायचे, कारण पंच बाहेरचा असला की भांडणं कमी. एकच अडचण आहे, तारखा. पेणच्या हमरापूर-जोहे भागातली पोरं गणपतीआधी कारखान्यात मूर्तींवर असतात, रात्री उशिरापर्यंत. त्यांना त्या दिवसांत सरावाला बोलावून उपयोग नाही. दिवाळीनंतर जत्रांच्या स्पर्धा सुरू होतात आणि रोख बक्षीस सोडून कॉलेजच्या सामन्याला कोण येणार? म्हणून गणपती झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी जे चार-सहा आठवडे मिळतात तेच धरायचे. पाऊस गेलेला नसतो, तेव्हा मॅट आणि छप्पर लागेल. ते दोन्ही ज्या कॉलेजकडे आहे तिथून पहिला शनिवार सुरू करा.